दुष्काळ ‘पडतो’ आणि दुष्काळ ‘जाहीर होतो’ : दख्खनच्या अन्नसुरक्षेचा शब्देतिहास

१

मराठीत ‘दुष्काळ’ या नामाबरोबर येणारी क्रियापदे मोजकी आहेत. त्यांपैकी ‘पडणे’ हे सर्वांत जुने व रूढ होय. पाऊस पडतो, थंडी पडते, धाड पडते, दरोडा पडतो. त्याच रीतीने दुष्काळ पडतो. या प्रयोगात कर्ता म्हणून माणूस दिसत नाही. जे घडते ते वरून अथवा बाहेरून येते व माणसाने ते सोसावयाचे असते. गेल्या सुमारे सव्वाशे वर्षांत याच नामाला दुसरे एक क्रियापद येऊन मिळाले. आता दुष्काळ ‘जाहीर होतो’. येथे कर्ता अध्याहृत असला तरी निःसंदिग्ध आहे. तो शासन होय. पहिला प्रयोग आकाशाकडे पाहतो, दुसरा कचेरीकडे.

या दोन क्रियांमध्ये जो काळ जातो, त्याला अन्नसुरक्षेच्या इतिहासात मोठे महत्त्व आहे. पाऊस हुकल्याने पीक बुडते, हे हवामानाचे कार्य. पीक बुडाल्यावर माणसे उपाशी मरतात की वाचतात, हे मात्र कोठारे, मजुरी, कर्ज, वाहतूक व राज्यकर्त्यांची कर्तव्यबुद्धी यांवर ठरते. हे कर्तव्य केव्हा सुरू होते, हे ठरविण्यासाठी आपत्तीला एक नाव द्यावे लागते. म्हणून आपत्तीच्या नावांचा इतिहास हा केवळ कोशकाराचा विषय राहत नाही. दख्खनच्या पठारावर गेल्या सहा शतकांत ही नावे कशी घडली, कशी बदलली आणि हवामान बदलत असताना आज ती कोठे अपुरी पडत आहेत, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहणे इष्ट होय. संस्कृत ‘दुर्भिक्ष’ म्हणजे जेव्हा भिक्षा मिळणे कठीण होते ती अवस्था. पालीत तोच शब्द ‘दुब्भिक्ख’ असा आढळतो. गृहस्थाच्या घरी देण्याजोगे शिल्लक उरले नाही, ही गोष्ट दारी येणाऱ्या भिक्षूला सर्वांच्या आधी कळते. त्या दृष्टीने पाहता हा शब्द म्हणजे घरोघरच्या साठ्याचे एक मापच आहे. ‘अवर्षण’ हा शब्द फक्त पावसाविषयी बोलतो. अन्नाविषयी तो काहीच सांगत नाही. ‘दुष्काळ’ (लोकभाषेत ‘दुकाळ’) म्हणजे वाईट काळ. त्यात पावसाचा उल्लेख नाही, धान्याचाही नाही. ‘सुकाळ’ या प्रतियोगी शब्दाशी त्याची जोडी आहे व दोहोंचा आशय लोकांच्या एकंदर जगण्याशी निगडित आहे. ‘दुष्काळ’ या शब्दाची ही व्यापकता ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पुढील विवेचनाचा बराच भार तिच्यावर आहे.

२

सह्याद्रीने अरबी समुद्राकडील ढग अडविल्यामुळे त्याच्या पूर्वेकडील प्रदेश पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील माण तालुक्यात सरासरी पाचशेच्या आसपास. सोलापूर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), बीड, विजापूर या पट्ट्यात पाऊस नुसता कमी नाही; तो अनिश्चितही आहे. सरासरीच्या आकड्याला येथे फारसा अर्थ नसतो, कारण पाऊस केव्हा पडतो यावर पीक अवलंबून असते. मृगात पेरणी साधावी लागते. आणि रब्बीच्या ज्वारीला हस्त नक्षत्राचा, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढे पडणारा परतीचा पाऊस लागतो. काळी जमीन तो ओलावा धरून ठेवते व त्यावर ज्वारी पोसते. शेतकरी पाऊस नक्षत्रांच्या नावाने मोजतो, याचे कारण हेच की त्याला किती याहून केव्हा हे अधिक महत्त्वाचे असते.

अशा प्रदेशात अन्नसुरक्षेची पहिली भिंत घरातच उभारलेली होती. कणगी, बळद व पेव हे साठवणुकीचे तीन प्रकार होत. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले धान्याचे कोठार. पांढरीच्या कोरड्या जागी ते खणून, आतून कडबा व भुसा लावून त्यात ज्वारी भरीत आणि तोंड मातीने बंद करीत. चांगल्या वर्षातले धान्य वाईट वर्षासाठी राखण्याची ही युक्ती एका हुकलेल्या पावसाला पुरी पडे. लागोपाठ दोन पावसाळे हुकले की पेव रिकामे होई, आणि मग बियाणे खावे लागे, बैल विकावा लागे, गाव सोडावे लागे. आज ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला या अर्थी वापरला जातो. ज्या वस्तूवरून तो आला ती मात्र बहुतेक बोलणाऱ्यांनी पाहिलेली नसते.

३

दख्खनमध्ये ज्या दुष्काळाला लोकस्मृतीने स्वतंत्र नाव दिले, असा पहिला मोठा दुष्काळ म्हणजे दुर्गादेवीचा दुष्काळ. तो १३९६ मध्ये सुरू होऊन १२ वर्षे टिकला, असे परंपरा सांगते. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात ही परंपरा नोंदविली आहे. बारा या संख्येत लोककथेचा रंग असेल. ‘बारा वर्षांचा दुष्काळ’ हा पुराणांतूनही येणारा संकेत आहे. तथापि, त्या काळी मोसमी पाऊस दीर्घकाळ दुबळा झाला होता, याला आता स्वतंत्र पुरावा मिळाला आहे. बस्तरमधील दंडक गुहेतील चुनखडी स्तंभांच्या थरांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकापर्यंत अनेक वर्षे टिकलेली अवर्षणे त्यात दिसून येतात. आशियातील वृक्षवलयांवरून २०१० मध्ये तयार झालेला अवर्षणांचा नकाशासंग्रहही त्याला दुजोरा देतो. लोकस्मृती व दगडातील थर येथे परस्परांना आधार देतात.

या दुष्काळाविषयी ग्रँट डफने दिलेली दुसरी माहिती अन्नसुरक्षेच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. गावे ओसाड झाली, किल्ले पुंडपाळेगारांच्या हाती गेले, आणि पंधराव्या शतकात बहामनी राज्याने मुलूख पुन्हा वसविण्याचे काम दादू नरसू काळे व दरबारातील एका तुर्की अधिकाऱ्याकडे सोपविले. त्यांनी पहिल्या वर्षी सारा घेतला नाही. दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबरा धान्य एवढाच घेतला. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधावयाची चंदीची पिशवी. दुष्काळाने मोडलेल्या शेतकऱ्याकडून राज्याने किती घ्यावे, याचे हे त्या काळचे माप होते. पुढे ‘कौल’ व ‘इस्तावा’, म्हणजे पडीक जमीन लागवडीस आणताना वर्षागणिक चढत जाणारा सारा, या मराठेशाहीतील पद्धतींत हेच तत्त्व दिसते. शेतकऱ्यास बी-बैलांसाठी दिल्या जाणाऱ्या कर्जाला ‘तगाई’ म्हणत. हा शब्द अरबी-फारसी ‘तकावी’ यापासून आला असून त्याचा धात्वर्थ बळ देणे असा आहे. ‘कुवत’ हा शब्द त्याच धातूचा.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याच बहामनी काळातील मानली जाते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार लोकांना मोकळे केले, बेदरच्या बादशहाचा कोप ओढवला, आणि विठोबाने महाराचे रूप घेऊन ती रक्कम दरबारात भरली, अशी ती कथा आहे. तीत इतिहास किती व भक्ती किती हा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. गावात धान्य होते. ते कुलुपाआड होते. कथेतील सारा ताण पावसाविषयी नसून किल्लीविषयी आहे.

१६३० ते १६३२ या वर्षांतील दुष्काळ गुजरात व दख्खन या दोहोंवर पडला. १६३० मध्ये पाऊस आलाच नाही. पुढच्या वर्षी गुजरातेत अतिवृष्टीने व किडीने पीक गेले. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरच्या वाटेने उत्तरेकडे गेला. वाटेवरच्या गावांतील प्रेतांचे व ओसाडीचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. त्याच वेळी शाहजहान बऱ्हाणपुरास तळ देऊन निजामशाहीशी युद्ध चालवीत होता. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनाम्या’त बादशहाने लंगर उघडल्याचे व सुमारे ७० लाख रुपयांचा सारा सोडल्याचे नमूद आहे. परंतु त्याच बादशहाच्या फौजांना लागणारे धान्य, दाणावैरण व बैल याच मुलुखातून जात होते, हेही तितकेच खरे. देहूच्या तुकारामांचा व्यापार याच दुष्काळात बुडाला व त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, असे परंपरा मानते. तुकाराम वाण्याचा व्यवसाय करीत. ज्याच्या घरी धान्याची देवघेव चाले त्याच्याच घरी ही पाळी आली, यावरून त्या दुष्काळाची खोली कळते.

‘अस्मानी-सुलतानी’ हा मराठीतील जोडशब्द अशा अनुभवाचे सार आहे. तो मुळात फारसी दफ्तराच्या भाषेतला. इजाऱ्याच्या व साऱ्याच्या करारांत आकाशातून आलेली व राज्याकडून आलेली अशा दोन प्रकारच्या आपत्तींचा उल्लेख होई व त्या आल्यास सूट मागता येई. मराठीने हा दफ्तरी शब्द उचलून बोलीत आणला. मोल्सवर्थच्या कोशात तो नोंदलेला आहे. १८०३-०४ च्या दुष्काळात अहमदनगरकडील मुलुखात यशवंतराव होळकराच्या फौजा व पेंढारी यांनी केलेली लूट आणि पावसाची तूट या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या. दोहोंपैकी नेमके कशाने किती माणसे मेली हे वेगळे काढता येत नाही. जोडशब्दातील जोडणीचे कारण तेच होय.

४

एकोणिसाव्या शतकात ‘सुलतानी’चे रूप पालटले. फौजेची लूट थांबली. तिच्या जागी रोख रकमेत ठरलेला सारा, सावकाराचे कागद व दूरच्या बाजाराशी जोडलेली आगगाडी आली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, तेव्हा पठारावरील कुणबी कर्जात किती बुडाला होता हे दिसून आले. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, पाऊस हुकला. प्रशांत महासागरातील ‘एल निनो’ या उष्ण प्रवाहाच्या अवस्थेने १८७७-७८ मध्ये अतितीव्र रूप धारण केले व त्याचे परिणाम भारताबरोबरच चीन व ब्राझीलपर्यंत झाले, हे आता हवामानशास्त्राने दाखविले आहे. ब्रिटिश भारतात या दुष्काळाने ५० लाखांहून अधिक माणसे गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

या आपत्तीत धान्य देशातून सर्वस्वी नाहीसे झाले होते असे नव्हे. परदेशी गहू जातच होता. दख्खनमध्ये मजुराजवळ ते घेण्यास पैसा नव्हता. रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामांवरील प्रौढ पुरुषास दिवसाला १ पौंड धान्य व १ आणा एवढी मजुरी ठरविली. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तीवर शारीरिक श्रम करणारा माणूस जगू शकत नाही, असा आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यात १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी कामे सोडून या मजुरीचा निषेध केला. पुण्याची सार्वजनिक सभा, तिचे गणेश वासुदेव जोशी व महादेव गोविंद रानडे यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे निवेदने पाठविली. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची सोय केली.

रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला. शेतीचे काम थांबल्याने मजुरी बुडते व मजुरी बुडाल्याने अन्न मिळत नाही, म्हणून दुष्काळ हा मुख्यतः कामाचा दुष्काळ होय, हा त्यातील निष्कर्ष पुढील शंभर वर्षांच्या धोरणाचा पाया ठरला. १८८३ मध्ये नमुना दुष्काळसंहिता तयार झाली व त्यावरून प्रांतांनी आपापल्या संहिता केल्या. चाचणीची कामे केव्हा काढावी, ‘स्कॅर्सिटी’ केव्हा मानावी, ‘फॅमिन’ केव्हा जाहीर करावा, मजुरी किती द्यावी, धर्मार्थ अन्न कोणास द्यावे, हे सर्व तीत लिहिले गेले. ‘जाहीर होणे’ या क्रियापदाचा उगम येथे आहे. दुष्काळ हे आता एक घटित राहिले नाही. ते एक प्रशासकीय पद झाले, आणि ते पद दिले की राज्यावर खर्चाची जबाबदारी येऊ लागली.

संहिता इंग्रजीत होती, म्हणून ती कचेरीतच राहिली असती. १८९६-९७ च्या दुष्काळात बाळ गंगाधर टिळक यांनी ‘केसरी’तून व सार्वजनिक सभेच्या द्वारा संहितेतील तरतुदी मराठीत छापून खेडोपाडी पोचविल्या. पीक बुडाले असेल तर सारा तहकूब मागा, काम मागा, हे कायद्यातच आहे, असे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगितले गेले. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. एका नियमपुस्तिकेच्या भाषांतराला सरकार इतके का बिथरले, याचे उत्तर भाषेच्या अभ्यासकाला अवघड वाटू नये. जोवर नियम परभाषेत होता तोवर तो अधिकाऱ्याची सूचना होता. मराठीत येताच तो रयतेचा हक्क झाला.

याच व्यवस्थेत ‘आणेवारी’ हा शब्द रुजला. पूर्ण पिकाशी तुलना करून चालू पीक किती आणे आले, याचा तो अंदाज. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांहून कमी आल्यास पूर्ण सारा व चार ते सहा आणे आल्यास अर्धा सारा तहकूब होई. १९१८ चा खेडा सत्याग्रह हा वस्तुतः आणेवारीचा वाद होता. पीक चार आण्यांच्या आत आहे असे रयत म्हणे, वर आहे असे अधिकारी म्हणत. शेतात उभ्या असलेल्या पिकाविषयी दोन आकडे होते आणि त्यांच्या फरकात हजारो कुटुंबांचे वर्ष अडकले होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली व आणा चलनातून गेला. शासनाने शब्द बदलून ‘पैसेवारी’ केला आणि ५० पैशांची मर्यादा आली. बोलीत मात्र ‘आणेवारी’ टिकली. नाणे गेले तरी शब्द राहिला, याचे कारण त्या शब्दात रयतेच्या हक्काची आठवण साठलेली आहे.

५

जाहीर करण्यावर सर्व काही अवलंबून ठेवले की जाहीर न करण्याचा मार्गही खुला होतो. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे मेली. तेथे प्रांतिक सरकारने दुष्काळसंहितेनुसार दुष्काळ जाहीरच केला नाही. तसे केले असते तर अन्न व काम पुरविण्याची बांधिलकी आली असती व ती पार पाडण्याची सरकारची तयारी नव्हती. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात या दुष्काळाचे विश्लेषण करून असे दाखविले की, अन्नाच्या एकूण उपलब्धतेपेक्षा ते मिळविण्याची माणसाची पात्रता खालावणे हे येथे निर्णायक होते.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले. १९६३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने एक विलक्षण अधिनियम संमत केला. राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकावा व त्या जागी ‘स्कॅर्सिटी’ हा शब्द घालावा, एवढेच त्याचे कार्य. शासन पिकांच्या स्थितीवर सतत लक्ष ठेवते व टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजते, तेव्हा दुष्काळास वाव उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. जुन्या संहितेतील दोन पायऱ्यांपैकी वरची पायरी अशा रीतीने काढली गेली. मराठी कारभारात ‘टंचाई’, ‘टंचाईग्रस्त’ या संज्ञा स्थिरावल्या.

‘टंचाई’ व ‘दुष्काळ’ यांच्या व्याकरणातील भेद येथे उद्बोधक ठरतो. टंचाई नेहमी कशाची तरी असते: पाण्याची, चाऱ्याची, रॉकेलची, सुट्या पैशांची. षष्ठीवाचून तो शब्द अपुरा वाटतो. दुष्काळाला षष्ठीची गरज नाही. तो साऱ्या काळावर पसरलेला असतो. टंचाई ‘भासते’ किंवा ‘निर्माण होते’. ती कोणी ‘पडली’ असे म्हणत नाही. एका वस्तूचा पुरवठा वाढविला की टंचाई संपते. दुष्काळ संपण्यासाठी मात्र पुढचे पीक घरात यावे लागते, विकलेला बैल परत घ्यावा लागतो, गहाण जमीन सोडवावी लागते. नाव बदलल्याने कर्तव्याची लांबीही बदलते.

तरीही न्याय्य दृष्टीने हे सांगितले पाहिजे की, त्या दशकात शासनाची कृती शब्दाहून पुढे होती. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या प्रेरणेने मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. पुढे लागोपाठ तीन वर्षे पाऊस अपुरा झाला व १९७२-७३ मध्ये आपत्ती शिगेस पोचली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ही ती कामे. मुलांना ‘सुकडी’ मिळे. शिधापत्रिकेवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, ‘मिलो’, मिळे. हे दोन्ही शब्द त्या पिढीच्या आठवणीत अजून जिवंत आहेत. पिकाची हानी प्रचंड असूनही १८७७ सारखा मृत्यूचा कहर झाला नाही, कारण हातात मजुरी होती. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी अधिनियम आला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि देशाच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला त्याने नमुना पुरविला. कायद्यातून ‘फॅमिन’ निघून गेला होता व कागदोपत्री ‘टंचाई निवारण’ चालू होते. लोक मात्र त्या वर्षाला ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हणत राहिले.

६

२०१२-१३ मध्ये जालना, बीड, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), सोलापूर या भागांत पाऊस हुकला, तेव्हा वृद्ध माणसांच्या तोंडी एक तुलना वारंवार आली: बहात्तरचा दुष्काळ अन्नाचा होता, हा पाण्याचा आहे. दुकानात धान्य होते; विहिरी, विंधनविहिरी व धरणे कोरडी होती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. षष्ठीवाचून चालणाऱ्या ‘दुष्काळ’ या शब्दाला लोकांनी स्वतःच षष्ठी जोडली, ही भाषिक घटना लक्षणीय आहे. तिच्यामागे शेतीतील एक मोठा पालट आहे. ओलाव्यावर येणारी ज्वारी मागे पडली, बोअरच्या पाण्यावरचा ऊस पुढे आला, आणि भूजल हे आजचे पेव झाले. पेव दरवर्षी भरले जाई. भूजल काढले जाते त्या मानाने भरत नाही. ज्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांचे कोठार होते तेथील मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. जे पीक या मातीचे रोजचे अन्न होते ते आता वैशिष्ट्य म्हणून जपावे लागत आहे.

नावाचा वाद याही काळात संपला नाही. शासकीय आदेशांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असा शब्दप्रयोग रूढ झाला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेल्यावर मे २०१६ मध्ये त्याऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, असे राज्य शासनाने ठरविले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेवरील निर्णयात काही राज्यांच्या दुष्काळ मान्य करण्यातील टाळाटाळीवर ताशेरे ओढले. त्यानंतर केंद्राच्या नव्या नियमपुस्तिकेनुसार पावसाची तूट, दोन पावसांतील खंड, वनस्पतींचा निर्देशांक, मातीतील ओलावा यांच्या कसोट्या आल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रथम १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ स्थिती मानली गेली व महिनाअखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. ‘सदृश’ हे उत्तरपद दोन वर्षांत परतले होते.

या नव्या कसोट्यांत एक अर्थांतर दडलेले आहे. इंग्रजीत ‘ड्राउट’ म्हणजे अवर्षण व ‘फॅमिन’ म्हणजे अन्नाचा दुष्काळ, असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘फॅमिन’ १९६३ मध्ये कायद्यातून गेला. आता ‘ड्राउट’साठी मराठीत ‘दुष्काळ’ हाच शब्द योजला जातो. म्हणजे शासन आज ज्याला दुष्काळ म्हणते ते मूलतः अवर्षण होय. शब्द जुना राहिला, माप बदलले. लोक दुष्काळ म्हणतात तेव्हा घरातील अन्न व मजुरी मोजतात. शासन पाऊस व ओलावा मोजते.

हवामान बदलू लागल्यामुळे हा भेद आता केवळ तात्त्विक उरलेला नाही. मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले आहे. पाऊस दीर्घ खंड घेतो आणि मग थोड्या दिवसांत कोसळतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने उभी रब्बी पिके गेली. ‘अवकाळी’ हे विशेषण आता स्वतंत्र नाम झाले आहे. ‘अवकाळीने नुकसान केले’ एवढे पुरते. २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस म्हणजे ‘अतिवृष्टी’, ही महसुली व्याख्या. परंतु रोज थोडाथोडा, पंधरा दिवस न थांबता पडणारा पाऊसही सोयाबीन व कापूस कुजवितो. त्यासाठी २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती म्हणून मान्य करावी लागली. मराठीतील दोन साधे शब्द अशा रीतीने कायद्याची संज्ञा झाले.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने व पुराने पिके तर गेलीच, अनेक ठिकाणी जमीनही खरवडून गेली. ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी सर्वत्र उठली. नियमपुस्तिकेत अशी संज्ञा नाही, असे शासनाचे उत्तर होते. मात्र दुष्काळात मिळणाऱ्या सवलती लागू करू, असेही सांगितले गेले व ऑक्टोबरमध्ये ३१ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचे साहाय्य घोषित झाले. दुष्काळ म्हणजे पावसाचा अभाव असे मानले तर ‘ओला दुष्काळ’ हा वदतोव्याघात ठरतो. पण मराठी माणसाला त्यात विसंगती वाटत नाही. त्याच्या भाषेत दुष्काळ हा आजही वाईट काळच आहे, मग तो कोरडा असो वा ओला. १६३१ मध्ये गुजरातेत ज्याचे पीक पाण्याने व किडीने गेले त्या शेतकऱ्याला आपण दुष्काळात आहोत हे कोणत्याही कसोटीवाचून कळले होते.

तेव्हा प्रश्न असा आहे की आपत्तीची संज्ञा कशावरून ठरावी: आकाशातून काय पडले यावरून, की घरात काय उरले यावरून? स्ट्रेची आयोगाने १८८० मध्ये दुसऱ्या पर्यायाकडे पाऊल टाकले होते, कारण चाचणीच्या कामावर किती माणसे येतात हे त्याच्या संहितेतील एक माप होते. उपग्रहाच्या कसोट्या अचूक असल्या तरी त्या पहिल्या पर्यायाच्या आहेत. दोहोंची सांगड घालावयाची तर आपत्तीविषयीची लोकांची शब्दसंपत्ती नीट नोंदविली जाणे आवश्यक आहे. पर्जन्यछायेतील तालुक्यांत पावसाच्या खंडाला, कुजलेल्या कणसाला, बियाणे खाण्याच्या वेळेला, गाव सोडण्याच्या पाळीला कोणते शब्द आहेत आणि ते कोणत्या क्रमाने उच्चारले जातात, याची गाववार नोंद अद्याप झालेली नाही. बहात्तर साल पाहिलेली पिढी वृद्ध झाली आहे. भाषाविभाग व इतिहासविभाग यांनी मिळून हे काम हाती घेतले तर त्याचा उपयोग कोशाला होईलच, शिवाय पुढील संज्ञा ठरविणाऱ्या कचेरीलाही होईल.